कुटुंबाचे सुटे भाग

कॅटलॉगकाका सकाळपासून चार जणांवर चिडले होते. त्यातल्या तिघांना त्याचा पत्ता नव्हता, आणि चौथे ते स्वतः होते.

त्यांच्या रागाची ही नेहमीचीच अडचण. इतरांचा राग तोंडातून बाहेर पडतो. काकांचा राग पोटातून निघायचा, कानांपर्यंत चढायचा, कान लाल करायचा आणि आल्या वाटेने परत खाली उतरायचा. बघणाऱ्याला वाटायचं, काकांना उकडतंय. मग कुणीतरी उठून पंखा वाढवायचं, आणि काका त्या पंखा वाढवणाऱ्यावरही चिडायचे.

पहिली म्हणजे सून. शाळेतून पत्रक आलं होतं. तिसरीच्या वर्गाला दर बुधवारी ‘जगातल्या भाषा’ असा तास सुरू होणार, मुलांच्या घरात कुणाला परकी भाषा येत असेल तर नाव द्यावं. तिने नाव देऊन टाकलं आणि नाश्त्याला बशी पुढे सरकवता सरकवता सांगितलं.

“बाबा, बुधवारपासून तुम्ही आपल्या छोटीच्या वर्गाला इटालियन शिकवताय.”

“मी?”

“मग कोण? घरात तुम्हालाच येतं ना.”

दुसरा म्हणजे मुलगा, कारण तो हसला. तिसऱ्या म्हणजे काकू, कारण त्या म्हणाल्या, “एकतीस वर्षं त्या जाडजूड पुस्तकांशी बोललात, आता जरा माणसांशी बोला.” आणि चौथे स्वतः, कारण हे सगळं ऐकताना आपल्याला आतून चक्क आनंद झाला, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

आनंद होण्यासारखंच होतं ते. निवृत्त झाल्यापासून दोन वर्षांत ‘जेवलात का’ सोडून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्याआधी मात्र फरशांच्या कारखान्यात दिवसातून वीस वेळा विचारायचे. कारखान्यात फरशा दाबायची नऊ यंत्रं होती, नऊही इटलीहून आलेली, आणि प्रत्येकाबरोबर उशीएवढं जाड इटालियन पुस्तक. सुट्या भागांच्या गोदामात बसून काकांनी एका शब्दकोशाच्या आधाराने ती नऊही पुस्तकं वाचली. यंत्र अडलं की फिटर गोदामाच्या खिडकीशी येऊन हाक मारायचा, “ओ कॅटलॉग, हा लाल दिवा काय म्हणतोय?” आणि काका पान उघडून सांगायचे. नाव तेव्हापासूनचं.

पण काकांनी कधी इटालियन माणूस पाहिला नव्हता. एकदा तिकडचा इंजिनियर आठवडाभर कारखान्यात येऊन राहिला होता. त्या आठवड्यात काका आजारी पडले. खोटं नाही, ताप मोजून पडले. आपलं इटालियन खरंच इटालियन आहे की आपणच गोदामात बसून बनवलेली एखादी तिसरीच भाषा आहे, ही शंका तेव्हापासून मनात जी बसली ती बसलीच.

शाळेच्या कार्यालयात कारकुनाने मान वर न करता विचारलं, “भाषेचं प्रमाणपत्र?”

“नाही. मी आपला आपण शिकलो.”

“कुठे?”

“गोदामात.”

“संस्थेचं नाव लागतं. रकाना मोकळा ठेवता येत नाही.” कारकुनाने ‘गोदाम’ असं लिहिलं, जरा लांबून पाहिलं, आणि बरं दिसावं म्हणून त्यापुढे ‘परदेशी यंत्रांचे’ हे शब्द जोडले. “लहान मुलं सांभाळल्याचा अनुभव?”

“मला एक मुलगा आहे.”

“मग त्याचं पत्र आणा.”

काका कानांपर्यंत लाल झाले. कारकुनाने पंखा वाढवला.

म्हणजे आता पोटच्या पोराकडून अनुभवाचा दाखला घ्यायचा! पोराने तो हसत हसत दिलाही: ‘माझे वडील मला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी मला कधी मारलेले नाही. ते बहुतेक वेळ वाचत असत.’ काकांना शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं. पण पत्र बदलून मागायचं म्हणजे त्याच्याशी बोलावं लागणार, म्हणून त्यांनी तेच घडी करून दिलं. कारकुनाने ते वाचलं, ‘चालेल’ म्हणाला आणि संसर्गजन्य रोग नसल्याचा डॉक्टरांचा दाखला मागितला.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, बोलायला गोड होत्या. त्यांच्याशी भांडायचं असेल तर घरून तयारी करूनच यावं लागे. त्यांनी एक छापील कागद काकांपुढे ठेवला.

“पहिला महिना ‘माझे कुटुंब’. वीस शब्द. महिन्याच्या शेवटी वर्गाची मागची भिंत मुलांच्या तक्त्यांनी भरलेली हवी. तपासणी आहे.”

“बाई, मला यंत्रांचं इटालियन येतं. स्क्रू, झाकण, स्प्रिंग... कुटुंबाचं तेवढंसं नाही.”

“भाषा ती भाषा हो काका. यंत्र काय नि कुटुंब काय!” बाई हसल्या. “महिनाभर बघू या. नाही जमलं तर संकोच करू नका. जपानी येणाऱ्या एक काकू आहेत, त्या तयारच बसल्यात.”

त्या जपानी येणाऱ्या काकूंना काकांनी कधी पाहिलं नव्हतं. पण जिना उतरेपर्यंत त्यांना त्या काकूंचा इतका राग आला की दाराशी चप्पल उलटी घातली गेली. आपला तास, अजून सुरूही न झालेला, आणि कुणीतरी तो घ्यायला तयारच बसलंय! त्या क्षणी काकांना कळलं की हा तास आपल्याला हवा आहे. इतका हवा आहे की लाज वाटावी.

बातमी इमारतीत पसरायला एक संध्याकाळ पुरली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मॅनेजर खाली उतरून आले आणि परवानगी न मागता खुर्चीत बसले.

“एक सांगू? मुलांना शब्द पाठ करायला लावू नका. गाणं करा गाणं.”

“मला गाता येत नाही.”

“अहो, मुलांना कुठे कळतंय!”

समोरच्या दारातल्या वहिनींची भाची आठ दिवसांच्या सहलीत इटलीला जाऊन आली होती. त्यामुळे त्या देशाबद्दलचा शेवटचा शब्द त्यांच्याकडे होता. “भाऊजी, शब्द तुम्ही कुठलेही वापरा, पण तिकडची माणसं हात हलवून बोलतात. हात नाही हलले तर ते इटालियन नाहीच.” आणि त्यांनी दारातच करून दाखवलं. त्यांच्या हातात दुधाचं पातेलं होतं. काकांचा पायजमा धुवायला गेला.

यावर काका काय म्हणाले? “बरं, बघतो,” म्हणाले. आणि मग बंद दाराआड शब्दकोश उघडून बसले आणि मुकाट्याने त्या दोघांवर तासभर चिडले.

शब्दकोशातही मनस्ताप होताच. पाद्रे म्हणजे वडील, माद्रे म्हणजे आई, नोन्नो आजोबा, नोन्ना आजी, इथवर ठीक. पण त्सीओ म्हणजे काका, आणि मामाही त्सीओच! आत्या त्सीआ, मावशी त्सीआ, एवढंच काय, काकू आणि मामीसुद्धा त्सीआच. नीपोते हा एक शब्द तर नात, नातू, भाचा, पुतणी असा सगळ्यांवरच टाकलेला. काकांना धक्काच बसला. ज्या देशाने पाव मिलिमीटरचा फरक असलेल्या दोन वॉशरांना दोन वेगळे क्रमांक दिले, त्या देशाने मामा आणि काका एकाच खोक्यात टाकावेत? गोदामात असं कुणी केलं असतं तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

“अहो, लग्नात मानपान तरी कुणाचे करत असतील ती माणसं?” काकूंनी विचारलं.

“मला काय माहीत!” काका म्हणाले. मोठ्याने म्हणाले. काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

पहिला बुधवार. तेवीस मुलं. त्यात त्यांची नात दुसऱ्या बाकावर, आपला या गृहस्थांशी काही संबंध नाही असा चेहरा करून बसलेली. काकांनी फळ्यावर ‘पाद्रे’ लिहिलं आणि आवाज काढला. आवाज घशातून निघाला तो फळ्यापर्यंत पोहोचला, पण पहिल्या बाकापर्यंत आला नाही.

“मोठ्याने!” मागून कुणीतरी ओरडलं.

“तुम्ही इटलीला गेला होतात का?” दोन वेण्यांच्या एका मुलीने विचारलं.

“नाही.”

“मग कशावरून हे इटालियन आहे?”

इतकी वर्षं जो प्रश्न मोठ्याने विचारायचं धाडस झालं नव्हतं, तो या पोरीने सहा मिनिटांत विचारला. वर्गात गलका सुरू झाला. कुणी बाकाखाली गेलं, कुणी बाकावर चढलं. दाराच्या काचेतून मोठ्या बाईंचा गोड चेहरा दिसला आणि त्या चेहऱ्यामागे काकांना जपानी येणारी काकू स्पष्ट दिसली.

तेव्हा काकांनी जे केलं ते ठरवून केलं नाही. गांगरलेला माणूस हाताला येईल ते करतो, आणि काकांच्या हाताला एकतीस वर्षं एकच गोष्ट आलेली होती. त्यांनी फळ्यावर सुट्या भागांची आकृती काढली. प्रत्येक यंत्राच्या पुस्तकात पहिल्या पानावर असते तशी. यंत्र खोलून सगळे भाग हवेत सुटे मांडलेले, एकमेकांना तुटक रेघांनी जोडलेले, प्रत्येकाला बाण आणि बाणाच्या टोकाला क्रमांक. फक्त स्क्रू आणि स्प्रिंगच्या जागी त्यांनी माणसं मांडली. १, नोन्ना. २, नोन्नो. ३, माद्रे. ४, पाद्रे.

वर्ग शांत झाला.

“हे यंत्र आहे?”

“हे कुटुंब आहे. खोललेलं.”

“मग परत जोडायचं कसं?”

“त्यासाठी आधी प्रत्येक भागाचं नाव माहीत पाहिजे,” काका म्हणाले. त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला, याचं सगळ्यात जास्त नवल त्यांनाच वाटलं.

तीन बुधवार असे गेले की काका घरी येऊन दोन-दोन कप चहा प्यायचे. मुलांना वीसच्या वीस शब्द पाठ झाले. दोन वेण्यांची पोरगी तर मधल्या सुट्टीत आपल्या धाकट्या भावाला ‘भाग क्रमांक सहा’ म्हणून हाक मारू लागली. तिथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण यंत्राच्या पुस्तकात आकृतीनंतर आणखी एक पान असतं. त्यावर तीन रकान्यांचा तक्ता असतो: गुआस्तो, काउझा, रिमेद्यो. म्हणजे बिघाड, कारण, उपाय. ते पान नसेल तर काकांच्या लेखी ते पुस्तकच नव्हे. चौथ्या बुधवारी त्यांनी तो तक्ता फळ्यावर आखला, तीन नवे शब्द शिकवले आणि म्हणाले, “आता प्रत्येक भागापुढे हे भरून आणा. मग भिंतीवर लावू.”

काकांना यात काही वावगं दिसलं नाही. कुठलाही भाग कधी ना कधी बिघडतोच, त्यात भागाचा अपमान कसला? बिघाड लिहून ठेवायचा तो उपाय सापडावा म्हणून. ही गोदामाची सरळ समजूत. पण घरं गोदामाच्या समजुतीवर चालत नाहीत.

पहिला फटका घरच्या घरी बसला. नातीने तक्ता जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवला होता. काकांनी चष्मा लावला. नोन्नो. बिघाड: आतल्या आत तापतो. कारण: काम बंद आहे. उपाय: आजीला विचारून सांगते.

काका चिडले. चष्मा काढून चिडले. “काम बंद आहे म्हणजे काय? मग बुधवारी मी काय करतो?”

“बुधवार लिहायला रकाना पुरला नाही आजोबा,” नात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाला शाळेतून फोन आला. मोठ्या बाईंचा आवाज अजूनही गोडच होता, पण आता त्यात काहीतरी कडक झालं होतं. संध्याकाळी पाचला पालक येणार होते. सगळे नाही, अकरा जण. जे फोनवर ओरडून झाल्यावरही शांत झाले नव्हते तेवढे.

दुपारी वरचे मॅनेजर येऊन बसले. “मी म्हटलं नव्हतं, गाणं करा?” समोरच्या वहिनी दारातूनच म्हणाल्या, “हात हलवून सांगितलं असतंत ना, तर कुणाला राग आला नसता.” काकांनी या वेळी ‘बरं, बघतो’ म्हटलं नाही. ते दारापर्यंत गेले आणि त्यांनी दार लावलं. मॅनेजर आतच राहिले ही गोष्ट वेगळी.

पाच वाजता तिसरीच्या वर्गात छोट्या छोट्या बाकांवर अकरा मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. असं बसल्यावर राग कमी होत नाही, उलट वाढतो. टेबलावर तेवीस तक्त्यांचा गठ्ठा. बाजूला कारकून, आणि कारकुनासमोर एक टाईप केलेला कागद.

“आधी मी बोलते,” दातांच्या डॉक्टरीणबाई उठल्या. “माझ्या मुलाने काय लिहिलंय ऐका. त्सीआ. बिघाड: पाहुणी म्हणून आली, जात नाही. कारण: बाबा. उपाय: आई शोधते आहे. आता ही आमच्याकडे राहायला आलेली माझी नणंद. तिला कुणी सांगितलं ठाऊक नाही, पण ती इथेच आली आहे.”

“इथेच आहे!” मागच्या बाकावरून आत्या गरजल्या. “दीड महिना झाला मला येऊन, दीड! आणि वहिनी, तुम्ही शोधताय काय ते एकदा मलाही कळू दे.”

“अहो ताई, ते मावशीबद्दल आहे. इटालियनमध्ये मावशीलाही त्सीआच म्हणतात. विचारा ना यांना!”

सगळे काकांकडे वळले. “म्हणतात,” ते म्हणाले. “पण तुमच्या मुलाने आकृतीत बाण वडिलांच्या बाजूने काढलाय.”

यानंतर काही वेळ कोण काय म्हणालं ते नीट सांगता येणार नाही. एका आईच्या मते तिच्या सासूला ‘भाग क्रमांक एक’ देणं हे घर फोडण्याचं कारस्थान होतं. एका वडिलांचा आक्षेप असा की आपल्यापुढे एकही बिघाड लिहिलेला नाही, म्हणजे पोराने आपली दखलच घेतली नाही. एकाने विचारलं की ही इटालियनची पद्धत आहे की काकांची, आणि इटलीत असं चालत असेल तर तो देश टिकला कसा.

काकांचे कान लालबुंद झाले होते. मोठ्या बाईंनी हात वर केला.

“हे पाहा, यातून मार्ग आहे. खालचा तक्ता प्रत्येक कागदावरून फाडून टाकू या. वर फक्त नावं राहतील, भिंतीवर छान दिसेल. आणि काका आपल्याला दोन ओळींचं माफीपत्र देताहेत. मग तासही चालू राहील.” त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने टाईप केलेला कागद पुढे सरकवला.

काकांनी वाचला. ‘माझ्याकडून अनवधानाने चूक झाली असून मुलांनी लिहिलेला मजकूर निरर्थक आहे.’

निरर्थक. तास हवा असेल तर एवढं लिहून द्यायचं. मुकाट्याने सही करण्यात काका पटाईत होते, आयुष्यभर तेच केलं होतं. त्यांनी पेन उघडलं. पेनाचं टोक कागदाला टेकलं. आणि त्यांना दिसलं, गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा कागद त्या दोन वेण्यांच्या पोरीचा आहे. वीसच्या वीस शब्द बिनचूक. अक्षर ठळक. पाद्रे. बिघाड: घरी आल्यावर बोलत नाही. कारण: दिवसभर हॉर्न ऐकतो. उपाय: शेजारी बसणे. जोर लावू नये.

काकांनी पेन बंद केलं.

“हे निरर्थक नाही,” ते म्हणाले.

“काय म्हणालात?” बाई पुढे झुकल्या.

“निरर्थक नाही म्हणालो!” वर्गाच्या खिडकीची काच थरथरली असावी, निदान काकांना तसं वाटलं. राग या वेळी कानांशी थांबला नव्हता, तोंडापर्यंत आला होता, आणि एकतीस वर्षांचा साठा मागून ढकलत होता. “तुम्हीच म्हणालात ना बाई, यंत्र काय नि कुटुंब काय? अहो, आमच्या कारखान्यात यंत्र बिघडलं तर फिटर निदान येऊन विचारायचा तरी, हा लाल दिवा काय म्हणतोय! इथे तेवीस पोरांनी लाल दिवे दाखवलेत, आणि तुम्ही म्हणता पान फाडा! आठ वर्षांच्या पोरीला बिघाड दिसतो, कारण दिसतं, उपायसुद्धा सापडतो. माझ्या नातीला माझा दिसला! मला राग आला, हो, आला! पण मी तिचा कागद फाडला नाही. तास काढून घ्या. द्या त्या जपानीला. पण यावर मी सही करणार नाही.”

बोलून झाल्यावर काकांच्या लक्षात आलं की आपण हात हलवत होतो. त्यांनी ते खाली घेतले आणि आता कुठे बघावं ते न कळून कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने हात पंख्याच्या बटणाकडे नेला होता, तो तसाच परत आणला.

शेवटच्या बाकावरून एक धिप्पाड गृहस्थ उठले. बसचालकाच्या गणवेशात तसेच आले होते. बायकोकडून ऐकून सगळ्यात आधी तक्रार त्यांनीच केली होती, असं बाई नंतर म्हणाल्या. ते टेबलाशी आले, वरचा कागद उचलला, ओठ हलवत वाचला. पुन्हा वाचला.

“हे तुम्ही सांगितलंत तिला?”

“नाही. मी फक्त रकाने दिले.”

“परवा माझ्या शेजारी येऊन बसली होती,” बसचालक म्हणाले. “अर्धा तास. काही न बोलता. मला वाटलं, काहीतरी मागायला आली असेल.” त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती सावकाश खिशात ठेवली. “हा फाडायचा नाही. हा माझा आहे.”

“तसं नाही करता येणार, भिंतीवर...” बाई म्हणू लागल्या.

पण तोवर आत्या उठल्या होत्या. “मग माझाही द्या. म्हणजे, ज्यात मी आहे तो. माझ्या भावाला दाखवायचाय.”

“तो माझ्या मुलाचा आहे!” डॉक्टरीणबाई धावल्या.

आणि मग काय झालं, की प्रत्येकाला आपापल्या घरचा कागद हवा झाला. प्रेमाने नव्हे हो. त्या कागदावर घरातल्या बाकी सगळ्यांचे बिघाड लेखी, क्रमांकासहित आणि निष्पक्ष माणसाच्या अक्षरात होते. असा पुरावा कोण फाडू देईल? एका आईला सासूचा रकाना हवा होता, एका सासऱ्यांना सुनेचा. ज्यांच्यापुढे बिघाडच नव्हता ते वडील म्हणत होते, “मला फक्त तो मोकळा रकाना तेवढा दाखवायचाय हिला.” पाच मिनिटांत टेबल रिकामं झालं. माफीपत्र तेवढं राहिलं. ते कुणालाच नको होतं.

मोठ्या बाईंनी त्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “भिंतीचं काय?”

“पुढच्या बुधवारी पुन्हा करून घेतो,” काका म्हणाले. अजून चिडलेलेच होते, त्यामुळे ते विचारल्यासारखं वाटलं नाही. बाईंनी वेळापत्रकात बुधवारपुढे त्यांचं नाव लिहिलं.

कुणी माफी मागितली नाही, आभार तर नाहीच. हा सगळा राग बरोबर घेऊन काका बुधवारी वर्गात शिरले, तर मागच्या दोन बाकांवर सात पालक. गुडघे छातीशी, हातात वह्या. मोठ्या बाईंची परवानगी घेऊन आले होते म्हणे. बसचालक आणि त्यांची बायको शेजारी शेजारी. डॉक्टरीणबाई एका टोकाला, आत्या दुसऱ्या.

“आम्हालाही शिकायचंय,” बसचालकांच्या बायकोने सांगितलं. “नवऱ्याला काय म्हणतात?”

“मरीतो.”

“आणि बायकोला?” बसचालकांनी घाईघाईने विचारलं.

“मोल्ये.”

“लिहा फळ्यावर. आणि खाली ते तीन रकाने आखा.”

सातही पेनं उघडली. तेवीस मुलं मागे वळून बघत होती. काकांनी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, पट्टी लावून तीन रकाने आखले, खडू खाली ठेवला आणि मागच्या बाकांकडे असं पाहिलं की आत्यांनी पदर सारखा केला.

“मोठ्यांसाठी एक नियम आहे,” ते म्हणाले. आवाज पार भिंतीला लागून परत आला. “मधला रकाना आधी भरायचा. काउझा. कारण. आणि ‘स्वभावच तसा’ हे कारण धरलं जाणार नाही. ज्याला कारण माहीत नाही, त्याने बिघाड लिहायचा नाही.”

मुलांनी माना खाली घातल्या आणि ती लिहायला लागली. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा मागच्या दोन बाकांवर सात वह्या उघड्या होत्या, रकाने कोरे, आणि सातही जण खिडकीबाहेर बघत विचार करत होते.